ब्रिजकीपरचा शेवट

बुधवार मला कधीच आवडला नाही. बुधवारी नवे अंक येतात. सकाळी खोकी फोडायची, कायमच्या गिऱ्हाइकांच्या नावांचे कप्पे आहेत त्यांत ज्याचे त्याचे अंक लावायचे आणि मग दिवसभर म्हाताऱ्या पोरांची बडबड ऐकायची. दुकान माझ्या नवऱ्याचं. तो गेला आणि गिऱ्हाइकं माझ्या गळ्यात बांधून गेला. सदतीस वर्षं त्याच्याशी संसार करून मी एकही कॉमिक शेवटपर्यंत वाचलं नाही, हे आमच्या तोलेडो गावात सगळ्यांना माहीत आहे. तरी बोलायला त्यांना मीच लागते.

त्यातला सगळ्यात चिवट ऑल्डन कुबियाक. वय सहासष्ट. जन्मभर शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या, लग्न केलं नाही, आईबापांच्या घरात थोरल्या भावाबरोबर राहिला. गेली तीन वर्षं तो दर बुधवारी अकराला येई आणि तीनला जाई. त्याच्या कप्प्यात बहुतेक वेळा काहीच नसे. पण दुकानापासून दोन चौक पलीकडे डायलिसिसचं केंद्र आहे, आणि त्याचा भाऊ व्हर्न तिथे चार तास यंत्राला जोडलेला असे. सोमवारी आणि शुक्रवारी ऑल्डन गाडीतच बसून राही. बुधवारी त्याच्या तावडीत मी.

चार तास तो एकाच गोष्टीवर बोले. सत्तरच्या सुमाराला 'ब्रिजकीपर' नावाचं एक कॉमिक निघायचं. एकतीस अंक निघाले आणि बंद पडलं. या ब्रिजकीपरला उडता येत नाही, पाठीवर फडकणारी केप नाही. त्याची ताकद एवढीच, की त्याने जे धरून ठेवलं ते पडत नाही. पण धरलेलं असेपर्यंत त्याला जागचं हलता येत नाही. शेवटच्या चार अंकांत तो एका मोडक्या पुलाखाली पूल डोक्यावर धरून उभा आहे, वरून माणसं पळताहेत, आणि एकतिसाव्याच्या शेवटच्या पानावर लिहिलंय, 'पुढील महिन्यात'. तो महिना काही उजाडला नाही.

यावर सिनेमा कसा काढावा, हे ऑल्डनने सात वह्यांत लिहून ठेवलंय.

"मारामारी नको, लोरेटा," तो मला सांगे. "एकही नको. दोन तास तो नुसता उभा."

"आणि लोकांनी काय नुसतं बसायचं?"

"लोकांनी त्याचे हात बघायचे. सुरुवातीला तरुण हात, शेवटी म्हातारे. आणि खलनायक वगैरे कोणी नाही. एक कारकून, ज्याने गंजके बोल्ट विकत घेतले."

"हा सिनेमा बघायला तू आणि तुझा भाऊ, दोनच तिकिटं खपतील बघ."

"दोन पुरेत," तो म्हणे. त्याला टोमणा मारणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

दोन वर्षांपूर्वी मात्र अक्रीत घडलं. सिनेमावाल्या कुठल्याशा कंपनीने खरंच ब्रिजकीपर काढायचं जाहीर केलं. जुन्या अंकांना भाव आला. ऑल्डनकडे एकतिसावा अंक होता, लहानपणापासून जपलेला. मीच त्याला म्हटलं, तो पाठव आणि बंद करून घे. आमच्या धंद्यात अशी पद्धत आहे. अंक तपासतात, त्याला गुण देतात आणि जाड प्लास्टिकच्या पेटीत कायमचा सील करतात. पेटी फोडली की गुण गेले. म्हणजे अंक सुखरूप राहतो, फक्त वाचता येत नाही. ऑल्डनला दहापैकी नऊ गुण मिळाले. पेटी घरी ठेवायला त्याला भीती वाटली, म्हणून ती माझ्या गल्ल्यामागच्या भिंतीवर लावली. येणाऱ्याजाणाऱ्याला तो ती दाखवी. ती रोज माझ्या डोळ्यांसमोर असे, तरी मलाही पहिल्यांदाच बघत असल्यासारखा चेहरा करून ती दर बुधवारी नव्याने बघावी लागे.

त्याच सुमाराला व्हर्न म्हणायला लागला, की आता यंत्र पुरे. यंत्र सोडलं की माणूस फार तर दोनेक आठवडे काढतो. मला हे कळलं ते ऑल्डनच्याच तोंडून.

"म्हणतो, थकलोय. आठवड्यातले तीन दिवस जातात, उरलेले चार त्या तिनांतून सावरण्यात जातात. मी म्हटलं, पिक्चर येईपर्यंत थांब. एवढी वर्षं वाट बघितली, आता दारात आलंय."

"मग?"

"थांबला."

तेव्हापासून गाडीतून जातायेता ऑल्डन त्याला सिनेमा सांगू लागला. एका वेळी एक प्रसंग. माझ्यावर आधी तालीम, मग व्हर्नला. मी वैतागून म्हणायची, अरे, एका बैठकीत सांगून मोकळा हो ना. तो म्हणायचा, तेच तर करायचं नाहीये.

मग गेल्या फेब्रुवारीत आमचा बार्ट, दुसरं एक कायमचं गिऱ्हाईक, जो सगळ्या वाईट बातम्या सगळ्यात आधी आणतो, दार ढकलून आत आला तोच ओरडत, "ऑल्डन, गुंडाळला तुझा पिक्चर! कंपनीने हात वर केले!"

ऑल्डन पेट्रोल पंपावरून आणलेली कॉफी पीत होता. त्याने कपाचं झाकण नीट दाबून बसवलं. मग म्हणाला, "बार्ट, व्हर्नला कोणी सांगायचं नाही."

"मी कशाला सांगू?"

"तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून म्हणतोय."

पुढचे पाच बुधवार ऑल्डन तसाच येत राहिला. पण वही उघडी ठेवून बसे आणि पान उलटत नसे. मी विचारलं तर म्हणे, सगळे प्रसंग संपले, आता शेवटच उरलाय. मी खरं सांगते, मला त्याचा राग आला. मला त्या व्हर्नची दया येत होती. कुणाच्या तरी वहीतला सिनेमा संपत नाही म्हणून माणसाने किती दिवस सुया टोचून घ्यायच्या? हे मी त्याला तोंडावर म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं.

सहाव्या बुधवारी तो अकराऐवजी साडेअकराला आला. टोपी काढली नाही.

"त्याला माहीत आहे," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. तिथे समोर टीव्ही चालूच असतो. आज उतरताना म्हणाला, छोट्या, पिक्चर काही येत नाही. आता शेवट सांग म्हणजे मी मोकळा झालो. मी म्हटलं, मला शेवट सुचत नाही. तर म्हणाला, तू लिहिला होतास की. एकतिसाव्या अंकात."

"अंकात? तू?"

"वाचकांची पत्रं. माझं पत्र छापलं होतं. तेरा वर्षांचा होतो. शेवट कसा हवा तेच लिहिलं होतं, पण काय लिहिलं ते आठवत नाही गं. मला वाटतं, तो कधीच सोडत नाही, असंच काहीसं. असंच असणार. ते एकदा बघतो आणि त्याला सांगतो."

नव्या पुनर्मुद्रणाचा जाड खंड माझ्याकडे होता. मी तो काढला. पण पुन्हा छापताना पत्रांची पानं कोणीच घेत नाही, गोष्ट तेवढी घेतात. पत्र होतं फक्त त्या जुन्या अंकात, आणि तो माझ्या सांगण्यावरून पेटीत बंद होऊन भिंतीवर लटकत होता. ऑल्डन त्याच्याकडे बघत होता.

"फोड," तो म्हणाला.

"ऑल्डन, नऊ गुण आहेत."

"लोरेटा, फोड. माझ्याच्याने होणार नाही."

मी स्क्रूड्रायव्हर आणला. पेटीच्या कोपऱ्यात घालून मूठ मारली. दुसऱ्यांदा मारल्यावर तडकली. बार्टने तोंड फिरवलं, जणू मी कोंबडी कापत होते. ऑल्डनने रुमालाला हात पुसले, शेवटून तिसरं पान काढलं आणि थांबला. चष्मा गाडीत राहिला होता. मग मीच वाचलं.

'प्रिय संपादक, ब्रिजकीपरने कायम तसंच उभं राहावं असं माझं मत आहे. माझा भाऊ व्हर्न म्हणतो, शेवटचा माणूस पलीकडे गेला की त्याने हात सोडावेत आणि घरी जाऊन जेवावं. हा कसला हिरो? कृपया माझ्या भावाचं ऐकू नका. ऑल्डन कुबियाक, वय १३.'

खाली संपादकाची एक ओळ होती. 'तुमच्या घरात एक तरी शहाणा माणूस आहे, ऑल्डन.'

ऑल्डनने पत्र मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाला, "त्या वर्षी बाबा गेले होते. व्हर्न काचेच्या कारखान्यात लागला होता. अठरा वर्षांचा. रोज संध्याकाळी येऊन आधी माझं ताट बघायचा, मी जेवलो का ते."

मी फुटलेल्या पेटीचे तुकडे गोळा केले. मी म्हटलं, "कॉफी गार झाली, दुसरी देऊ?" तो नको म्हणाला. तीन वाजेपर्यंत खुर्चीत बसून राहिला, एक शब्द बोलला नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा मला त्याची बडबड हवीशी वाटली.

पुढच्या बुधवारी तो आला, पण बसला नाही. भावाने यंत्र सोडलं होतं, तो केंद्रात नव्हता. घरी होता.

"सांगितलास शेवट?" मी विचारलं.

"सांगितला. म्हटलं, तो हात सोडतो. तर म्हणाला, आणि पूल? म्हटलं, पडतो. म्हणाला, वर कोणी होतं का? म्हटलं, कोणी नव्हतं, व्हर्न, सगळे पोचले." ऑल्डनने टोपी काढून पुन्हा घातली. "तर म्हणाला, मग जेवायला काय आहे?"

यंत्रावरच्या माणसाला बटाटा वर्ज्य. आई करायची तसे, पिठाच्या पारीत बटाटा भरून उकडलेले पिएरोगी व्हर्नने तीन वर्षांत तोंडाला लावले नव्हते. ऑल्डनला ते करता येत नव्हते. पीठ किती सैल मळायचं हे विचारायला तो माझ्याकडे आला होता.

मी एका कागदावर लिहून दिलं. व्हर्न त्यानंतर नऊ दिवस जगला, आणि नऊही दिवस बटाटा खाल्ला.