उंबऱ्यावरून दिसणारा टीव्ही

आमचा प्लाझ्मा टीव्ही बघून आजही कुणी ना कुणी हसतं. "हे धूड अजून ठेवलंय व्हय?" म्हणतं. हसू द्या. तसला टीव्ही आता कुठल्या दुकानात मिळत नाही, बाजाराने एलसीडीला आपलं म्हटलं आणि आमच्याकडे पाठ फिरवली, हे मला मान्य आहे. पण तो टीव्ही मी निवडला होता, पूर्ण विचार करून. उद्या कुणी दोन्ही शेजारी ठेवून विचारलं, तरी मी त्याच्यावरच बोट ठेवीन.

परळीतलं आमचं घर साधं. रस्त्याकडे दार असलेली बाहेरची लांब खोली. दारासमोरच्या भिंतीला टीव्ही. त्या भिंतीला लागूनच, बाजूच्या भिंतीत, स्वयंपाकघराचं दार. टीव्हीच्या बरोबर समोर मोठ्या काकांची खुर्ची असे. मोठे काका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. त्यांचं घर शेजारीच होतं, पण तिथे नातवंडं कार्टून लावून बसत, म्हणून त्यांचा मुक्काम आमच्याकडे. वडील खाटेवर. आणि आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर.

थोरल्या दिरासमोर बसायचं नाही, त्यांच्याशी थेट बोलायचं नाही, ही रीत आई लग्न होऊन आली तेव्हापासून पाळत होती. काका हाकेच्या अंतरावर बसलेले असत आणि आई मला म्हणे, "त्यांना विचार, च्या ठेवू का." काका मला म्हणत, "सांग तिला, अर्धा कप." मी मधे नुसतीच उभी.

पण त्या उंबऱ्यावरून आई क्रिकेट बघायची. मालिका नाही, क्रिकेट. डोक्यावर पदर, एक पाय आत, हाताशीच चुलीवर तवा. गोलंदाज धावत निघाला की ती भाकरीचा हात थांबवायची आणि चेंडू पडला की भाकरी उलटायची. फलंदाज पायचीत आहे की नाही, ते पंचाआधी सांगायची, पण इतक्या हळू की फक्त वडिलांना ऐकू जावं. मग वडील तेच मोठ्याने म्हणत, आणि काका म्हणत, "तुला लई कळतंय बे क्रिकेटातलं!" वडील गालात हसत. आई भाकरी थापत राही.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. धर्मापुरीकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. मी अंबाजोगाईला कॉलेजात होते तेव्हा पहाटेच्या एसटीआधी माझा डबा तयार असे. तो कुणाच्या झोपेतून तयार होई, हे मला ठाऊक होतं. म्हणून एका लोडशेडिंगनंतर लाईट जोरात परत आली आणि आमचा जुना डब्याचा टीव्ही जळाला, तेव्हा मी म्हटलं, नवा मी घेणार. गच्चीवरून औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायच्या आणि खाली घरात अंधार, असे ते दिवस. आईने इतकंच विचारलं, "पुढच्या महिन्यात मॅच सुरू व्हायच्यात. तवर येईल ना?"

सगळ्यांनी एकच नाव सांगितलं, एलसीडी. शाळेतल्या सरांनी सांगितलं, जीपमधल्या अनोळखी माणसानेही सांगितलं. मीही तोच घेणार होते. पण मधे संक्रांत आली. आमच्या ओळखीच्या एका घरी हळदीकुंकवाला गेलो. त्यांच्याकडे नवा एलसीडी भिंतीवर उंच लावला होता, पार माळ्याच्या खाली. बायका खाली सतरंजीवर, भिंतीच्या कडेकडेने. टीव्हीवर कुणीतरी नाचत होतं. मला खालून दिसलं ते असं की, नाचणारीचं तोंड राखेसारखं झालंय, साडीचा रंग उडालाय आणि केस उजळलेत. आई तिळगूळ हातात धरून बराच वेळ बघत राहिली. मग माझ्या कानाशी लागली. "बाई, यांच्या टीव्हीतले लोक लई आजारी दिसतेत."

घरातली बाई उभी होती, तिला काहीच वावगं दिसत नव्हतं. मी उठून तिच्या शेजारी उभी राहिले, तर चित्र लख्ख. खाली बसले, की पुन्हा आजारी.

त्या रात्री मी आईला म्हटलं, "तू आता समोर बसायचं. टीव्ही माझा, मी सांगते. काकांच्या शेजारी खुर्ची ठेवते." मला वाटलं, ती सुखावेल. ती चिडली.

"कावून? मला पुढं बसवून तुला काय मिळणार हाय? इथून मला तवा दिसतो, दार दिसतं, टीव्ही दिसतो. मला मॅच बघायचीय, मान न्हाई घ्यायचा."

शिकलेल्या लेकीने आईला तिच्या जागेवरून उठवायचं, आणि त्याला सुधारणा म्हणायचं, हे मला पटेना. जागा तिची होती. टीव्हीनेच तिथपर्यंत पोचायला हवं होतं.

प्लाझ्माचं चित्र कोपऱ्यातूनही सारखंच दिसतं, असं मी वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मी बाजारात गेले. दुकानदार चाचा वडिलांच्या ओळखीचे; जुना टीव्हीही त्यांच्याकडचाच. मी प्लाझ्मा म्हटलं तसे ते खुर्चीत मागे रेलले.

"बेटा, खरं सांगतो, एक पीस पडून हाय, कोणी हात लावत न्हाई. लोक म्हणतेत त्यातला गॅस संपतो."

"संपतो का, चाचा?"

"न्हाई संपत. पण मी किती जणांना समजावू?"

मी म्हटलं, दोन्ही लावा, एकच चॅनेल, दोन्ही खाली ठेवा. मग आईला म्हटलं, "बस." ती म्हणाली, "इथं? फरशीवर?" चाचांनी स्टूल पुढे केलं. मी नको म्हटलं. उंबऱ्याएवढी उंची हवी होती, आणि तेवढाच तिरका कोपरा. फ्रीजच्या शेजारी, भिंतीला टेकून आई बसली. मी तिच्या शेजारी. दुकानात आलेले दोघे-तिघे हसायला लागले. एक म्हणाला, "मावशी, जेवायला वाढू का?" आईने पदर सारखा केला आणि त्याच्याकडे बघितलंही नाही. कुठल्या तरी जुन्या सामन्याचं पुनर्प्रक्षेपण चालू होतं.

ती आळीपाळीने दोन्हीकडे बघत होती. बऱ्याच वेळाने तिने एलसीडीकडे हात केला. "ह्याच्यात चेंडूला शेपूट फुटतंय." मग प्लाझ्माकडे. "ह्याच्यात चेंडूच हाय."

चाचा स्वतः येऊन तिच्या मागे वाकले आणि बघून हसले. "आपा, मी रोज उभाच असतो हो. बसून कधी बघितलंच न्हाई."

घरी काकांनी ऐकलं आणि माझी शाळा घेतली. "शिकून लई शहाणी झालीस. सगळं गाव एक घेतंय, तू दुसरं. त्याला लाईट किती लागती, ठाऊक हाय? इन्व्हर्टरवर चालायचा न्हाई तो."

"नाही चालला तर पंखा लावू."

"आन् हे सगळं कावून, तर बायांना दिसावं म्हणून? दिसत नसंल तर समोर यावं की. कोण नको म्हणतंय?"

कुणीच नको म्हणत नव्हतं, हे खरं. पण इतक्या वर्षांत कुणी चटईही टाकली नव्हती. मी म्हटलं, "काका, तुम्हाला खुर्चीतून दोन्ही सारखेच दिसतील. तिला उंबऱ्यावरून एकच दिसतो. म्हणून तोच येणार." वडील खाटेवर पाय हलवत होते. त्यांना पटलं की ते पाय हलवत.

प्लाझ्मा आला. चार माणसांनी तो उचलून आणला आणि चौघांनीही मला मनात शिव्या दिल्या असणार. गवंडी म्हणाला, उंच लावू, चांगलं दिसतं. मी आईला उंबऱ्यावर बसवलं, तिच्या डोळ्यांच्या रेषेत भिंतीवर खडूने खूण केली आणि तेवढाच कट्टा बांधून घेतला. प्लाझ्माची काच कडक होती. परळीत सकाळी सगळ्यावर राखेचा थर असतो. आई ओल्या फडक्याने देवाचे फोटो पुसायची, त्याच हाताने टीव्हीही.

मग रविवारची दुपार आली, मॅचची. एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. रस्त्याकडचं दार दिवसा उघडं असे, आणि त्या काचेत ते दार लख्ख उमटे. काका समोर बसले, तर त्यांना मैदानाऐवजी रस्ता दिसायला लागला. एक रिक्षा खेळपट्टीवरून निघून गेली. "हे काय आणलंस बे!" म्हणून ते माझ्यावर ओरडले. दार लावावं, तर उकाड्याने जीव जाई. त्यांनी खुर्ची जरा डावीकडे घेतली. मग आणखी. प्रत्येक षटकाला थोडी थोडी सरकवत ते स्वयंपाकघराच्या दाराजवळ आले. तिथून चित्र एकदम स्वच्छ. ते निवांत टेकले, बरोबर आईच्या पुढ्यात.

रीतीप्रमाणे आईने उठून आत जायला हवं होतं. मी वाट बघत होते. गोलंदाज धावत निघाला. तव्यावर भाकरी होती.

"दादा," आई म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "जरा तिकडं सरका. चेंडू दिसंना."

वडिलांचे पाय हलायला लागले. काकांनी मान वळवली, तिच्याकडे नाही, माझ्याकडे, जणू मी मधे उभी राहून निरोप पोचवायचा होता. मी काही पोचवलं नाही.

ते सरकले.

चेंडू पॅडवर आदळला. आई म्हणाली, "आऊट हाय." मग पंचांनी बोट वर केलं, आणि तिने भाकरी उलटली.