आमच्या माळावरचे लांडगे

राणीसावरगावच्या पलीकडच्या माळावर माझ्या वडिलांची मेंढरं चरायची. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. मी सातवीत असताना थंडीच्या दिवसांत भरदुपारी लांडग्यानं आमचं एक कोकरू उचललं. ते आईनं बाटलीनं दूध पाजून जगवलेलं होतं. दादा काठी घेऊन ओढ्यापर्यंत धावले आणि बऱ्याच वेळानं रिकाम्या हातानं परतले. आई रडत होती. तिला ते "घावलं न्हाई" एवढंच म्हणाले. मला मात्र बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मादी हाय गं. बीळ घावलं तिचं. चार पिल्लं हायत आत."

दुसऱ्या दिवशी गावातले दोघेजण कडबा आणि सुक्या मिरच्या घेऊन आले. बिळात धूर कोंडून पिल्लं मारायची, असा त्यांचा बेत होता.

"बीळ कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

दादांनी बेलाशक उलट्या दिशेला हात केला. "त्या टेकाडामागं."

ते दोघे दिवसभर एका सायाळीच्या बिळाला धूर देत बसले आणि संध्याकाळी खोकत घरी गेले. आईला खरं कळलं तेव्हा ती दोन दिवस दादांशी बोलली नाही. दादांचं म्हणणं एवढंच, "तिची बी लेकरं हायत. वर्साला एखादं नेती, ते तिच्या वाट्याचं."

पुढच्या आठवड्यात ते मला घेऊन गेले. वारा समोरून येईल अशा बेतानं आम्ही पळसाआड बसलो. पिल्लं मातकट रंगाची, कान अजून नीट उभे न राहिलेली. एक दुसऱ्याच्या शेपटीवर सारखं पडत होतं. मला हसू आलं तसा दादांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. त्या हाताला मेंढरांचा वास होता. हसू त्यांनाही आवरत नव्हतं.

लांडगे नेमके कधी गेले, ते मात्र कुणालाच सांगता येत नाही. एका बाजूनं खडी केंद्र आलं, दुसऱ्या बाजूनं जेसीबीनं माळ फोडून लोकांनी सोयाबीन पेरलं. ओढ्याकाठची बिळं बुजली. मी शिकले, पालमला शाळेत कारकून म्हणून लागले. सुट्टीला घरी गेले की दादांना विचारायची, "दिसला का?" आधी ते म्हणायचे, "मागल्या महिन्यात पाय उमटले होते." मग म्हणू लागले, "औंदा न्हाई." पुढं मी विचारायचंच सोडलं.

आता मोकाट कुत्र्यांचा त्रास आहे. एका सकाळी त्यांनी चार मेंढ्या फाडून तशाच टाकल्या. दादा त्या मेंढ्यांजवळ उकिडवे बसले होते. "लांडगा एक न्यायचा अन् खायचा. ह्यांला भूक बी न्हाई," म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात वनखात्याचा एक तरुण गार्ड नोंदी घेत घरी आला. मीही तिथं होते. त्यानं कागद काढून विचारलं, "बाबा, लांडगा आहे का तुमच्या भागात? हो की नाही, तेवढं सांगा."

दादांनी दारातून माळाकडे पाहिलं.

"लय वर्सं झाली, दिसला न्हाई," ते म्हणाले. "पर न्हाईच, असं लिहू नका."

"बाबा, इथं दोनच रकाने आहेत."

तेवढ्यात चूल फुंकता फुंकता आई आतून म्हणाली, "तिसरा काढा की, भाऊ. पेन तर तुमच्याच हातात हाय."

आईच्या तोंडून हे येईल, असं मला कधी वाटलं नव्हतं. दादाही वळून तिच्याकडे बघत राहिले. गार्ड हसला आणि त्यानं कागदाच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं, 'पूर्वी होता. मेंढपाळ वाट पाहतात.'

दादांनी मला ते दोनदा वाचायला लावलं.