खिडक्या लावून केलेली प्रार्थना

आमच्या आळीत आजही कुणालाही विचारा, सांगतील की दुसऱ्या लाटेत करोना आणला तो वरच्या नर्सने. मी हे ऐकून घेतो. कित्येकदा मानही डोलावली आहे.

घर आमचं मुंबईजवळच्या उमेळ्यात. खाली दादा-वहिनी आणि मी, वरची खोली भाड्याने दिलेली. तिथे धुळ्याकडची एक मुलगी राहायची, मुंबईच्या एका रुग्णालयात नर्स. मी शाळेत शिकवतो म्हणून मला सर म्हणायची.

पहिल्या लाटेत मला होऊन गेला होता. थोडा ताप आला, चव गेली, बस. दादा-वहिनी त्याच घरात वावरत होते, त्यांना शिंकसुद्धा आली नाही. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं, हा आजार माझ्यापासून कुणाला होत नाही आणि मला तर तो आता पुन्हा होणारच नाही.

पुढच्या वर्षी आम्हा ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ आला. त्या दिवसांत आमच्याकडे क्रूस घरोघरी फिरतो. ज्या घरी तो असेल तिथे संध्याकाळी आळी जमते, प्रभूच्या दुःखसहनाची गाणी म्हणते, आणि निघताना प्रत्येक जण क्रूसावरच्या मूर्तीच्या पायांना ओठ लावतो. देवळात मोजकीच माणसं घेत होते, म्हणून घरच्या प्रार्थनेला गर्दी वाढली. आवाज बाहेर गेला तर कुणी तक्रार करेल, या भीतीने आम्ही खिडक्या लावून घ्यायचो. क्रूस मात्र प्रत्येकानंतर सॅनिटायझरच्या फडक्याने पुसायचा. वहिनीने तर इतका घासला की पायांवरचा रंग उडाला. केवढी काळजी घेतो आपण, असं वाटायचं.

गाण्याची ओळ आधी सांगायचो मी, मागून सगळे म्हणायचे. त्या आठवड्यात घसा खवखवत होता.

"आज राहू दे," दादा म्हणाला. "आवाज बसलाय तुझा."

"मला होऊन गेलाय रे. मी तर पास झालेला विद्यार्थी!"

सगळे हसले. शेजारच्या मोठ्या मावशीला कमी ऐकू यायचं, म्हणून ती अगदी मला चिकटून बसली होती. "जोरात सांग की रे," तिने टोमणा मारला, "शाळेत पोरांवर ओरडतोस तेव्हा बरा निघतो आवाज!"

मी जोरात सांगितलं.

आधी मावशी पडली. मग समोरचं घर, मग वहिनी. आदल्या वर्षी घरात एकाला झालं तरी बाकीचे सुटायचे, या वेळी घरंच्या घरं झोपली. रूप बदलून आला होता तो, पुढे त्याला डेल्टा म्हणू लागले. अंगात धड ताप नसतानाही माणूस तो वाटत फिरतो, आधी होऊन गेलेल्यांनाही तो पुन्हा धरतो, असं टीव्हीवर सांगत होते. मी चॅनल बदलला. नक्की माझ्यापासूनच, हे कोण छातीठोक सांगणार? पण क्रूस ज्या घरांतून फिरला त्याच घरांत आजार फिरला, आणि त्या प्रत्येक घरी गायलो होतो मी.

आळीचा संशय मात्र जिना चढून वर गेला. "रोज मुंबईला जाते ती." "कपडे बघ, आपल्याच दोरीवर वाळत घालते." "मास्कच्या आत हसते की खोकते, काय कळतंय?"

मीही तिच्यावर नजर ठेवू लागलो. ती आजारी असेल ही भीती नव्हती. तिला कळलं असेल, ही होती. माझी खोली बरोबर तिच्या खाली.

एकदा जिन्यात तिने थांबवलंच. "सर, घसा बरा आहे ना? मध्ये खूप खोकत होतात."

"धूळ हो, उन्हाळ्याची."

"टेस्ट केली होती?"

"गरज नव्हती."

ती "बरं" म्हणाली. त्या एका शब्दाचे मी किती अर्थ लावले! ती फोनवर हळू बोलली तरी वाटायचं, माझंच चाललंय.

मावशी गेली तेव्हा लोक दादाकडे आले, खोली खाली करून घे म्हणाले. मुलीने मोबाइलवर स्वतःचा रिपोर्ट दाखवला, निगेटिव्ह. "दादा, मी लांब मनवेलपाड्यापर्यंत खोली विचारून आले. नर्स म्हटलं की दार लावतात. आणि तुमच्या प्रार्थनेला मी एकदाही आले नाही. मला कुणी बोलावलंच नव्हतं."

मग तिने माझ्याकडे पाहिलं. माझं एक वाक्य पुरलं असतं. मी पायांनी चपला शोधत राहिलो. दुसऱ्या दिवशी ती बॅगा घेऊन रिक्षात बसली.

परवा टीव्हीवर पुन्हा कुठल्याशा नव्या प्रकाराची बातमी होती. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "या वेळी नर्सबिर्स ठेवू नका हां वर!"

दादा ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होता. मी म्हणालो, "दादा, तेव्हा तो माझ्यापासून पसरला."

"ठाऊक आहे. घसा तुझाच बसला होता."

"मग तिला का काढलंस?"

"मग काय तुला काढू?"

शेंगा सोलणं काही थांबलं नाही. मी उठून आत गेलो आणि वहिनीला सगळं सांगितलं, टेस्ट टाळली होती तेही. तिने गॅस बंद केला. मग विचारलं, "ती पोरगी आता राहते कुठे?"

मला ठाऊक नव्हतं.