मामांची जीभ आणि बचनाग

माझे मामा वैद्य. नंदनवन वस्तीत त्यांच्या ओट्यावर सकाळपासून रोगी बसलेले असत. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाले, प्रयोगशाळेत लागले, तर त्याचा तोरा माझ्यापेक्षा मामांनाच जास्त. "आता आपल्या घरी जुनं शास्त्र बी हाय अन् नवं बी," असं येईल त्याला ऐकवायचे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. एका दुपारी मामा थेट प्रयोगशाळेत आले, घामाघूम. त्यांची तापाची पुडी खाल्ल्यावर शेजारच्या गल्लीतल्या एका बाईचे हातपाय बधिर झाले, उलट्या झाल्या, आणि दवाखान्यात पोचायच्या आतच ती गेली. गल्लीत कुजबुज सुरू झाली होती. मामांनी खिशातून त्या पुडीसोबतच केलेलं, उरलेलं चूर्ण काढलं.

"तपास वं पोरी. मह्या औषधात खोट नाही, हे कागदावर लिहून दे. लोकाइले दाखवतो."

पुडीत बचनाग होता. कच्चा बचनाग म्हणजे जहर. शोधला, म्हणजे त्यातलं जहर काढलं, तर औषध. मामा त्याच्या मुळ्या तीन दिवस गोमूत्रात भिजवत, मग दुधात उकळत. किती वेळा उकळायच्या, ते जीभ ठरवायची. कण जिभेवर ठेवायचा, मुंग्या आल्या की पुन्हा दूध. मुंग्या यायच्या थांबल्या की औषध झालं. त्यांच्या वडिलांनी त्यांना असंच शिकवलं होतं.

मी चूर्णाचा अर्क काढला. काचेच्या पट्टीवर एक ठिपका त्याचा दिला, शेजारी बाजारातून आणलेल्या कच्च्या बचनागाचा. पट्टी द्रावणात उभी केली, वाळवली, वर फवारा मारला. दोन्ही डाग एकाच उंचीवर नारिंगी उमटले, जवळजवळ तितकेच गडद, म्हणजे चूर्णात कच्च्या मुळीइतकंच जहर. रडू यायला हवं होतं. मला आला तो संताप.

दुसऱ्या दिवशी मामा आले तेव्हा मी सांगूनच टाकलं, "मामा, हे शोधलेलंच नाही."

"काहून नाही? मी सोता जिभेवर ठेवून पाह्यलं!" त्यांनी माझ्यासमोर एक कण जिभेवर ठेवला. आम्ही वाट पाहिली. "पाय. काहीच नाही होऊन राहिलं."

रागाच्या भरात मीही कण टेकवला, लगेच थुंकले, चुळा भरल्या. तरी जीभ मुंग्यांनी भरली आणि बधिर पडली. मामांच्या गालात खर्रा होता. तो नेहमीच असायचा. तंबाखू, सुपारी, चुना, सकाळी तोंड धुतल्यापासून. अरे देवा! इतकी वर्षं त्या काळ्या दातांवरून आम्ही त्यांची थट्टा करत होतो आणि कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. माझ्या तरी पडायला हवा होता. शिकलेली मीच ना!

"तुमची जीभ मेली आहे मामा," मी म्हणाले. याहून बऱ्या शब्दांत सांगता आलं असतं.

मामा बाकावर बसले.

"कवापासून मेली असंन वं?"

"ते कसं कळणार?"

"तुह्या मामीले शेवटच्या तापात मीच पुडी देल्ली होती."

मामी विषमज्वरानं गेली, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. मामा काचेच्या पट्टीकडे पाहत होते.

"तवाची सांगते काय वं हे काच?"

"नाही मामा," मी म्हणाले. त्यांनी तेच पुन्हा विचारलं. मीही पुन्हा नाही म्हणाले.