उजेडात ठेवलेला रेणू

नागपूरहून कोल्हापूरला मी निघालो ते एका बाटलीसाठी. संजीवनी ही माझी संशोधनातली जुनी सहकारी, तिथल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. वर्षभर खपून तिनं एक नारिंगी द्रावण तयार केलं होतं. त्यातल्या रेणूवर प्रकाश पडला की तो उत्तेजित होतो आणि पापणी लवायला लागणाऱ्या वेळाच्या अब्जाव्या हिश्शातच तुटतो. तुटताना त्यातले अणू कसे हलतात, हे क्ष-किरणांच्या अतिशय छोट्या झोतांनी टिपायचं होतं. त्यासाठी जर्मनीतल्या प्रयोगशाळेनं आम्हाला पुढच्या आठवड्यातली वेळ दिली होती. बाटली घेऊन मीच जाणार होतो.

स्टँडवर रिक्षावाल्यानं विचारलं, "पावणं, कुठनं आलासा?" नागपूर म्हटल्यावर त्यानं मला थेट मिसळीच्या दुकानासमोर उतरवलं. कट (मिसळीवरचा तिखट रस्सा) ओतून घेतला, नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी पाव संपवूनच उठलो. मजेत होतो.

महाविद्यालयाच्या फाटकाशी मांडव होता. आदल्या दिवशी कुणा पाहुण्यांच्या हस्ते याच कामासाठी संजीवनीचा सत्कार झाला होता. प्रयोगशाळेत ती भिंतीला टेकून उभी होती. समोर बाटली, काळा कागद सोललेला, आतलं द्रावण पाण्यासारखं फिकट.

फोटोत रंग दिसावा म्हणून प्राचार्यांनी तिला न विचारता बाटली अंधाऱ्या कपाटातून काढून तिचा कागद सोलला होता. दुपारभर ती मंचावर दिव्यांखाली होती. संजीवनी सत्काराला मंचावर पोचली, तेव्हा बराचसा रंग उतरला होता.

माझ्या कानशिलांत रक्त चढलं. आम्ही दोघं प्राचार्यांच्या खोलीत गेलो. ते हसून म्हणाले, बाटलीच ती, दुसरी करा. मी टेबलावर हात आपटला. बोलली ती संजीवनी.

"सर, फोटू झ्याक आलाय. पण ज्याच्यासाठी सत्कार केलासा, ते आता जगात कुठंच न्हाय."

ते पेपर चाळत राहिले. माफी मागितली नाही.

जर्मनीतल्या प्रयोगशाळेला आम्ही तिथूनच कळवलं, आमची वेळ दुसऱ्यांना द्या. संजीवनीनं अॅप्रन चढवला आणि पहिल्या टप्प्यापासून कामाला लागली. या वेळी कपाटाला कुलूप होतं, किल्ली तिच्या गळ्यात.

परतीच्या बसमध्ये शेजारचे काका पन्हाळा पाहिला का म्हणून विचारत होते. नाही म्हणालो. रेणू तुटतो तो त्याच्या धर्मानं, त्याच्यावर कसला राग. माणसानं मात्र विचारायला हवं होतं. तो राग मी घरी घेऊन आलोय, आणि सोडायची घाई नाही.