माझ्या कॉम्प्युटरवर तिने काढलेलं घर

आमच्या घरात दोन कॉम्प्युटर आहेत. रस्त्याकडच्या खोलीतला माझा. त्यावर घरांचे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर आहे आणि त्याचं लायसन एकाच मशिनपुरतं आहे. आतल्या खोलीत बायकोचा जुना लॅपटॉप. हे सॉफ्टवेअर त्याला पेलणारच नाही. गेल्या वर्षी मुलगी शिकायला नाशिकला गेली, दुपारी घर रिकामं वाटायला लागलं, तेव्हा मी दोन्ही मशिनं घरच्या राउटरवरून जोडून दिली. बायको लॅपटॉपवरून माझा कॉम्प्युटर उघडते. सॉफ्टवेअर चालतं माझ्याकडे, रेषा हलतात तिच्या पडद्यावर. तिनेही माझ्यासारखाच सिव्हिलचा डिप्लोमा केला आहे. मुलगी झाली तेव्हा तिने बोईसरची नोकरी सोडली, ती सोडलीच.

या सोयीत एक अडचण आहे. एका वेळी एकालाच काम करता येतं. मी खुर्चीत बसून पासवर्ड टाकला की तिचा पडदा काळा होतो आणि दुसऱ्या कुणीतरी लॉगिन केल्याची ओळ येते. केलेलं काम जात नाही, पण मी उठेपर्यंत तिला थांबावं लागतं. पहिल्यांदा हे चुकून झालं. आतून आवाज आला, "अहो घरमालक, भाडेकरूला नोटीस तरी देत जा." आम्ही दोघंही हसलो. त्यानंतर मी बसण्याआधी विचारायचो. काही दिवस विचारलं.

तलासरीच्या पुढे एका पाड्यावर राहणारे एक शिक्षक नव्या घरासाठी आले, सोबत त्यांची आई. मी तेव्हा कोसबाडला साइटवर होतो. म्हातारी बायकोशीच बोलत बसली. संध्याकाळी बायको म्हणाली, हे घर मी काढते. मी म्हटलं, काढ की. मनात होतं, आठवडाभरात कंटाळेल.

ती कंटाळली नाही. एकदा ती बाजारात गेली असताना मी तिचा नकाशा उघडून पाहिला. मी काढला असता तर डहाणूत सगळीकडे काढतो तसाच काढला असता: हॉल, किचन, दोन बेडरूम, पुढे गाडीला जागा. तिने घराच्या अंगाने लांब पडवी दिली होती, भाताची पोती तिथेच उतरावीत म्हणून. स्वयंपाकघराच्या मागे चुलीची वेगळी जागा होती, धूर घरात न शिरता वर जाईल अशी. म्हातारीच्या खोलीला लागूनच न्हाणीघर. मी नकाशा बराच वेळ पाहिला आणि बंद केला. चांगला होता. मला आनंद व्हायला हवा होता.

त्या दिवसापासून मी विचारणं सोडलं. जेवण झालं की सरळ कॉम्प्युटरवर बसायचो. ती आतून विचारायची, किती वेळ लागेल? मी म्हणायचो, अर्जंट आहे. अर्जंट काही नसायचं. मुलीचे जुने फोटो बघायचो, बातम्या वाचायचो, पत्ते खेळायचो. तिची दुपार तशीच जायची, मग नळाला पाणी यायचं आणि तिचा दिवस संपायचा. तरी तिने मिळेल त्या वेळात नकाशा पुरा केला.

शिक्षक आणि त्यांची आई तो पाहायला आले. माझं सॉफ्टवेअर प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात आपोआप माझं नाव छापतं, ते याही कागदावर होतं. शिक्षक मला म्हणाले, "सर, तुम्ही आमच्या पाड्यात राहून गेल्यासारखं घर काढलंय." बायको पाण्याचे पेले घेऊन उभी होती. मी म्हणालो की इतकी वर्षं या भागात काम करतोय, समजतं थोडंफार. तिने पेले ठेवले. म्हातारीने जाताना तिचा हात धरून सांगितलं, गुडघे दुखतात, पायऱ्या बुटक्या कर. बायको म्हणाली, उद्याच करते.

दुसऱ्या दिवशी जेवल्याबरोबर मी कॉम्प्युटरवर जाऊन बसलो. ती दारात आली. "झालं का?" मी म्हटलं, थोडं राहिलंय. पडद्यावर पत्ते मांडलेले होते. तिने ते पाहिले आणि आत गेली. सकाळी शिक्षक येणार म्हणून संध्याकाळी मीच कागद छापले. तिने पायऱ्यांचं विचारलं तेव्हा म्हणालो, केलं मी ते. केलं नव्हतं. दोन मिनिटांचं काम होतं.

पुढे जोतं झालं, पायऱ्या बांधल्या, आणि शिक्षकांचा फोन आला की आईला पायऱ्या चढवत नाहीत, ती बसून सरकत वर जाते. मी म्हणालो, घरी मिसेस नकाशावर जरा हात फिरवतात, त्यांच्याकडून राहिलं असेल. बायको शेजारीच भाजी निवडत होती. तिची मान वर झाली नाही.

आम्ही दोघं एसटीने तलासरीला आणि तिथून रिक्षाने पाड्यावर गेलो. म्हातारी खालच्या पायरीवर बसली होती. ती बायकोला म्हणाली, "बाय, तू तर कमी करते बोललीस." बायकोने माझ्याकडे पाहिलं. एवढा वेळ मला पुरेसा होता. मी बोललो नाही.

"हो आई, बोलले होते," ती म्हणाली. "राहिलं माझ्याकडून."

मग तिने मिस्त्रीकडून दोरी आणि खडू घेतला आणि पायऱ्या कुठे फोडायच्या, नव्या कुठून उतरवायच्या, ते आखून दिलं. मिस्त्री उंबरगावकडचा, अर्धं गुजराती बोलणारा. मला म्हणाला, "सायेब, काम बेन करते, तुमी चा आना." सगळे हसले. मीही हसलो आणि खरंच चहा सांगायला गेलो, कारण तिथे उभं राहवत नव्हतं.

त्यानंतर तिने माझा कॉम्प्युटर उघडला नाही. मी दुपारभर खुर्ची रिकामी ठेवायचो, मुद्दाम बाहेर जायचो. तिला सांगितलंही, तू बस. ती म्हणाली, "नको. मधेच उठावं लागतं."

शेवटी मी शिक्षकांना फोन केला. म्हटलं, ते घर पूर्ण हिने काढलंय, कागदावर नाव चुकीचं आहे. ते म्हणाले, "हे आधी सांगायचं ना सर. आमच्या शाळेतल्या बाईंनाही घर बांधायचंय. मॅडमचा नंबर द्या." मी नंबर दिला. पायऱ्यांचं बोलायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी आभार मानून फोन ठेवला होता.

आत तिचा फोन वाजला. "हो, मीच बोलतेय," ती म्हणाली, आणि तिने दार लोटून घेतलं. मी शिक्षकांना परत फोन लावला. व्यस्त होता. त्यानंतर मी तो लावलेला नाही.