बंद केलेली लाईन

साहेबराव भोसरीच्या एमआयडीसीतला पाइप फिटर. कुठं तेल गळो, पाणी गळो, पहिली हाक त्यालाच. आणि बढाई तर काय विचारता! चालू लाईनला बाजूनं पाइप जोडायचा, मशीन न थांबवता व्हॉल्व्ह बदलायचा आणि मग टपरीवर आठवडाभर तेच सांगत बसायचा.

बायकोच्या, कस्तुराच्या, लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ निघाली तेव्हा मात्र त्याची वाचाच बसली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठीला रक्त पुरवणारी नस आतून बंद करून बघू. बस्स! गडी हुरूपला. हे तर त्याच्या धंद्यातलंच होतं. व्हॉल्व्ह बंद केला, की पुढची लाईन मेली.

मुलीचं, सोनूचं, लग्न ठरलेलं होतं. व्याही उद्धवराव भला माणूस. म्हणाले, "वहिनींच्या अंगात बळ आहे तोवर बुद्धविहारात साधंसं लग्न लावू."

साहेबराव उखडलाच. "साधंसं कशाला? लाईन बंद केलीय राव! डिसेंबरात हॉल घेऊ. ती स्वतः पंगतीत वाढेल."

कस्तुरालाही ते खरं वाटलं. लग्नात नेसायच्या पांढऱ्या साडीला तिनं फॉल लावायला घेतला.

पावसाळा सरता सरता तिचं पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. पुन्हा स्कॅन झाला, गाठीचा तुकडा तपासला. डॉक्टरीणबाईंनी साहेबरावला समोर बसवलं.

"ती नस बंदच आहे हो. पण गाठीतल्या पेशींनीच एकमेकींना धरून नळ्या केल्यात. खऱ्या रक्तवाहिन्या नव्हेत त्या, भिंती कॅन्सरच्याच. पण रक्त त्यांतूनही आत पोचतंय."

"म्हणजे बाजूनं लाईन टाकली," साहेबराव पुटपुटला. "मग तीही बंद करा की!"

"एक असती तर केली असती. गाठभर जाळं आहे. नव्या नसा रोखणारं औषधही या नळ्यांना फारसं लागू पडत नाही. आता त्रास कमी करणं एवढंच हातात आहे."

बाहेर येऊन तो बाकावर ढसाढसा रडला. जळो ती फिटरकी! उद्धवरावांचं ऐकलं असतं, तर कस्तुरा लेकीच्या लग्नात उभी राहिली असती. आता तिला कुशीवर वळायलाही कुणीतरी लागत होतं.

घरी आला तर ती त्याचीच वाट बघत होती.

"अहो, काय म्हणाल्या बाई? लाईन बंदच आहे ना?"

"बंदच आहे," तो म्हणाला. खोटं नव्हतंच ते. पण तिच्याकडे बघवेना. दाराशी जाऊन त्यानं उद्धवरावांना फोन लावला. "भाऊ, चुकलो मी. उद्याच या. इथं खोलीतच लग्न लावू."

एवढीशी ती खोली. कस्तुराला सगळं ऐकू गेलं. मग तिनं लेकीला हाक मारली.

"सोनू, माझी पांढरी साडी काढ गं. फॉल अर्धाच लागलाय, पण मी काय, पडूनच असणार. कुणाला दिसायचा नाही."